माळ्यावयलो बेंजो

काजू सोलत, जाळं विणत, नाहीतर रात्रीची पेज चुलीवर ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या काकी, वहिनी आणि ताईंना नमस्कार.

मागच्या दोन वेळा मी गटाच्या वह्यांबद्दल बोलले. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी ऐकता ऐकता माझी सख्खी जाऊसुद्धा झोपली. म्हणून आज हिशोब बाजूला ठेवूया. आज एका वाद्याची गोष्ट सांगते. ती फिरून गटाच्या वहीपाशीच येणार आहे, पण मध्ये आपल्याला जपान, अमेरिका आणि लालबाग अशी बरीच वाट चालायची आहे.

चतुर्थीच्या आधी आपल्याकडे घरोघरी काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. कौलं बघायची, भिंती सारवायच्या नाहीतर रंगवायच्या, माळा झाडायचा. आमच्या गटातल्या एका वहिनींकडे यंदा माळ्याच्या फळ्याच बदलायच्या होत्या. सगळं सामान खाली उतरवलं. त्यात चुलीच्या वरच्या बाजूला वाशाला टांगलेलं एक गोणपाटाचं गाठोडं निघालं. दोन हात लांब, वजनदार. मुलगा म्हणाला, जुनी पाटी असेल, भंगारात देऊया. भंगारवाला खळ्यात उभाच होता. त्याने गोणपाट उघडून बघितलं आणि लोखंडाच्या भावाने काय ते सांगितलं. शंभर रुपयेसुद्धा होत नव्हते.

तेवढ्यात आतून आजी बाहेर आल्या. वहिनींच्या सासूबाई. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी सतावलेल्या. मी पडवीत हप्त्याच्या वहीवर सह्या घेत बसले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. आजी एवढंच म्हणाल्या, "तेका हात लावूक नको. तो अजून वाजतलो."

गोणपाटाच्या आत जुन्या लुगड्याचा तुकडा होता, त्याच्या आत निगडीचा सुकलेला पाला, आणि पाल्याच्या आत बेंजो.

तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी बेंजो बघितलेला आहे. वरातीत, हळदीत, गणपतीच्या विसर्जनाला. पेपरात त्याला बँजो लिहितात, आपण बेंजो म्हणतो, आणि मी तेच म्हणणार. पण आपण तो लांबून बघितला. जवळून असा दिसतो: एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोलादी तारा, आणि तारांच्या वर टाइपरायटरला असतात तशा गोल कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, म्हणजे खालची पट्टी तारेला नेमक्या जागी दाबते. उजव्या हातातल्या छोट्या चपट्या तुकड्याने तार छेडायची. दोन-तीन तारांवर गाणं वाजतं, बाकीच्या तारा तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून असतात. या पेटीला एका बाजूला काळं बटण होतं आणि वायर खोचायचं भोक होतं. म्हणजे हा विजेवरचा बेंजो.

आता ही टाइपरायटरसारखी कळ आली कुठून? ती खरोखर टाइपरायटरवरूनच आली.

1912 साली जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने हे वाद्य तयार केलं. हा माणूस युरोप-अमेरिका फिरून आला होता आणि तिकडे त्याने टाइपरायटर बघितला होता. जपानमध्ये दोन तारांचं एक जुनं वाद्य होतं. त्या तारांवर त्याने टाइपरायटरच्या कळा बसवल्या. त्याच वर्षी जपानमध्ये नवा बादशहा गादीवर आला आणि त्याच्या काळाला ताइशो म्हणू लागले, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशो-गोतो. कळांवर आकडे लिहिलेले असत. एक, दोन, तीन. गाणंही आकड्यांतच लिहून मिळे. ज्याला आकडे वाचता येतात त्याला संध्याकाळपर्यंत एखादी सोपी चाल काढता येई. किंमत कमी, आकार लहान, गुरू लागत नाही. घरात बसून वाजवायचं वाद्य होतं ते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जपानी व्यापाऱ्यांनी ते जहाजांवर घालून आशियाभर विकलं. आपल्याकडे आल्यावर कुणीतरी रसिकाने त्याला बुलबुलतरंग असं गोड नाव दिलं, जलतरंगासारखं. पण रस्त्यावरच्या माणसाला एवढं लांब नाव कुठे परवडतंय? तो बेंजो म्हणू लागला. गंमत अशी की खरा बँजो हे वाद्यच वेगळं. आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी ते घडवलं, त्याला डफासारखं कातडं असतं आणि गळ्याशी लांब दांडी. आपल्या बेंजोचा त्याच्याशी नावापलीकडे काही संबंध नाही. नाव आफ्रिकी-अमेरिकी, जन्म जपानी आणि संसार गिरणगावात.

विजेचं काय ते सांगते. इथे आपल्याला गिटारची गोष्ट थोडी बघावी लागेल.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदात पितळी वाद्यांच्या गजरात गिटार ऐकूच येत नसे. मंगलाष्टकांच्या वेळी ताशा सुरू झाला की भटजी ऐकू येत नाहीत, तसंच. 1931 साली लॉस एंजेलिसला जॉर्ज बोशॅम्प नावाच्या गिटारवादकाने यावर उपाय काढला. तारांजवळ लोहचुंबक ठेवला आणि तारांखाली केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिले. वरची पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अगदी बारीकशी वीज तयार होते. ती वायरने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नेली की तिथे तिचा मोठा आवाज होतो. अडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या मदतीने पुढच्याच वर्षी हे गिटार बाजारात आलं. गोल पोटाचं आणि लांब दांड्याचं, म्हणून लोक त्याला तव्याच्या नावाने ओळखू लागले. आणि ते उभं धरून वाजवायचं नव्हतं. हवाई बेटांवरच्या पद्धतीने मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं होतं. जगातलं पहिलं विजेचं गिटार मांडीवर आडवं होतं, आपल्या बेंजोसारखं.

हीच युक्ती आपल्या कारागिरांनी बेंजोला लावली. चुंबक, तांब्याचे वेढे, एक वायर, बस. तारा पोलादी होत्याच, त्यामुळे दुसरं काही बदलावं लागलं नाही. पेटीला पट्टा लावला आणि गळ्यात अडकवली. घरात बसून हळू वाजवायचं वाद्य रस्त्यावर आलं. हातगाडीवर बॅटरी नाहीतर जनरेटर, वर भोंगे, मागे ढोल, ताशा, झांज. बेंजो पार्टी तयार झाली. सिनेमाचं नवं गाणं शुक्रवारी थिएटरात लागलं की रविवारच्या हळदीत बेंजोवर हजर. कुणाला राग-ताल लिहिता-वाचता येत नव्हता. सगळं कानावर.

आता लालबाग. आपल्या जिल्ह्यातलं एकही घर असं नाही की ज्याचं कुणी मुंबईत नव्हतं. आजींचे मालक गिरणीत होते. गावातल्या माणसांची मिळून एक खोली, तिच्यात पाळी बदलेल तशी झोपणारी वीस-पंचवीस माणसं, आणि जेवायला खानावळ. या खानावळी कोण चालवत होतं? आपल्यासारख्याच बायका. त्यांच्या नावावर काही नव्हतं, बँक दारात उभी करत नव्हती, सावकार मात्र हसत हसत देत होता. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्याच खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपण आज गटात जे करतो त्याची ही थोरली बहीण. ही गोष्ट कधीतरी वेगळी सांगायला हवी, आज फक्त नमस्कार करून पुढे जाते.

त्या खोलीत संध्याकाळी भजन असे. हार्मोनियम महाग आणि सांभाळायला अवघड. कुणीतरी बेंजो आणला. आजींचे मालक तो वाजवायला शिकले. पुढे पगारातून थोडे थोडे बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचा घेतला. "माका पातळ आणतलंय म्हणान सांगितलेल्यानी, आणि आणल्यानी हो," आजी सांगतात. इतक्या वर्षांनीसुद्धा त्यांच्या आवाजात थोडी धार होती. मला आवडली ती.

चतुर्थीला ते गावी येत तेव्हा बेंजो घेऊन येत. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण सुरू झाली 1998 साली. एसटीच्या टपावर सगळं सामान, पण बेंजो मांडीवर. अकरा दिवस वाडीतल्या आरत्या बेंजोवर होत. विसर्जनाला ते पुढे, गळ्यात बेंजो, आणि मागे सगळी वाडी.

मग 18 जानेवारी 1982 आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाचा शेवट कुणी कधी जाहीर केलाच नाही. माणसं वाट बघत राहिली आणि मग एक एक करून गावाकडे वळली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. 1 मे 1981 ला तो झाला. नव्या जिल्ह्यात जुनी माणसं रिकाम्या हाताने परत येत होती. आजींचे मालक आले ते एक ट्रंक आणि बेंजो घेऊन.

त्या बेंजोने या घराला काही वर्षं जेवायला घातलं, हे वहिनींच्या मुलाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. लग्नसराईत चार पैसे मिळत. शिमग्याला मिळत. बाकी वर्षभर लोकांच्या बागांत काम. त्या पैशांतून नणंदेच्या लग्नाचं देणं फिटलं, असं आजी म्हणाल्या. पुढे बाजारात कॅसिओचे कीबोर्ड आले, पॅडवर काठी मारली की दहा वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रं आली, आणि मग डीजे. डीजेला माणूस लागत नाही, पेनड्राइव्ह लागतो. बेंजो पार्ट्या संपल्या असं मी म्हणणार नाही. मुंबईत आणि आपल्याकडे अजून चांगल्या पार्ट्या आहेत, 2016 साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला. पण वाडीतला एकटा वाजवणारा मागे पडला. आजींच्या मालकांनी एका चतुर्थीनंतर बेंजो गुंडाळला आणि पुन्हा काढला नाही. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तिकडे विलायतेत काय झालं ते ऐका. बीटल्स नावाचा इंग्रजांचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद होता. त्यातल्या पॉल मॅकार्टनी यांनी 1961 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये 30 पौंडांना एक विजेचं बास गिटार घेतलं. त्यावर वाजवलेली गाणी जगभर गेली. 1972 साली लंडनमध्ये एका गाडीतून ते चोरीला गेलं. ते शोधायला पुढे माणसांनी मोहीम काढली, लोकांना आवाहन केलं, पत्रं आली, फोन आले. शेवटी ते ससेक्समधल्या एका घराच्या माळ्यावर निघालं. 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की गिटार मालकाकडे परत आलं आहे. एकावन्न वर्षांनी! त्याच वर्षी त्याच वाद्यवृंदातल्या जॉन लेनन यांचं एक जुनं गिटार इंग्लंडमधल्या दुसऱ्या एका माळ्यावर सापडलं आणि लिलावात वीस-पंचवीस कोटी रुपयांच्या घरात विकलं गेलं.

माळा तिकडेही आहे, माळा आपल्याकडेही आहे. तिकडच्या माळ्यावरच्या वस्तूला शोधायला माणसं निघतात. आपल्याकडे भंगारवाला येतो. मला याचं वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. कारण बेंजोला प्रतिष्ठा कधी मिळालीच नाही. शास्त्रीय गाणाऱ्यांचं म्हणणं, कळ दाबून वाजणाऱ्या वाद्यात एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाता येत नाही, मींड निघत नाही, म्हणून ते खालचं. ज्या हार्मोनियमवर आपली सगळी भजनं उभी आहेत तिच्यावरही हाच आरोप होता. 1940 साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. तीस वर्षं! त्याच काळात कोकणातल्या देवळांत रात्र रात्र पेटीवर भजनं चालली होती आणि दशावतारात पायपेटी वाजत होती. रेडिओला ते ऐकू येत नव्हतं. मी हे रेडिओवरच बोलते आहे, तेव्हा रेडिओने माफ करावं.

हार्मोनियमला मोठे वादक मिळाले, तिचं नाव सुधारलं. बेंजोला वरातीतला गोंगाट म्हणूनच लोक ओळखत राहिले. वाजवणाऱ्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत. कुठल्या चाळीत पहिला विजेचा बेंजो वाजला ते सांगणारा कागद नाही. जे आहे ते अशा गाठोड्यांत.

पण समुद्रापलीकडे बघा. आपल्याच अरबी समुद्राच्या वरच्या टोकाला, बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर, हेच जपानी वाद्य पोचलं. तिथल्या लोकांनी ते मोठं केलं, त्याला बेंजूच म्हणतात. पसनी नावाच्या मच्छीमारांच्या गावाजवळ राहणारे उस्ताद नूर बख्श आयुष्यभर विजेचा बेंजू वाजवत आले. लग्नांत, उत्सवांत. एक जुना छोटा अ‍ॅम्प्लिफायर, एक बॅटरी आणि ती चार्ज करायला सोलरची पाटी. सत्तरी ओलांडल्यावर, 2022 साली, त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण जगासमोर आलं आणि मग युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले. त्याच समुद्राच्या दुसऱ्या काठाला, आफ्रिकेत, मोंबासाकडे लग्नातल्या ताराब गाण्यांना हेच वाद्य साथ करत आलं आहे. म्हणजे आपला बेंजो सगळ्या किनाऱ्याचा सोयरा आहे.

आणि जपान? मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं. जपानमध्ये हे वाद्य आजही वाजतं आणि ते वाजवणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त भरणा आहे तो बायकांचा. साठीच्या, सत्तरीच्या. आठवड्यातून एकदा जमतात, प्रत्येकीपुढे एक ताइशो-गोतो, काहींचा बारीक सुराचा, काहींचा जाड सुराचा, आणि सगळ्या मिळून एक गाणं वाजवतात. आकडे लिहिलेल्या कळा, आकड्यांचा कागद. मी मोबाइलवर एक व्हिडिओ काढून आजींना दाखवला. वीस-पंचवीस म्हाताऱ्या एका ओळीत बसलेल्या. आजींनी तो तीनदा बघितला. मग म्हणाल्या, "ह्यो आपलोच मरे!"

तेव्हा मी विचारलं, तुम्ही कधी वाजवलात? आजी हसल्या. "आमका बायलमाणसांक कोण हात लावूक देतलो तेवा?"

पण हात लावला नव्हता असंही नाही. बेंजो माळ्यावर गेल्यावर तो त्यांच्याच ताब्यात आला. बियाण्यासाठीची कणसं, दोडकी, पडवळ आपण चुलीवर धुरात टांगतो ना, कीड लागू नये म्हणून? तशाच त्यांनी बेंजो धुराच्या वाटेवर टांगला. निगडीचा पाला घातला. दरवर्षी चतुर्थीच्या आधी खाली काढून पुसायचा, पाला बदलायचा, परत टांगायचा. गुडघे दुखू लागल्यापासून मागची चार-पाच वर्षं शिडी चढता आली नव्हती. आपल्या खाऱ्या हवेत तारा गंजून लाल झाल्या होत्या, त्या जाणारच. पण लाकडाला वाळवी नाही, भेग नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मोठ्या शहरांत संग्रहालयं असतात, तिथे वस्तू सांभाळायला शिकलेली माणसं ठेवतात. हे काम इथे एका बाईने धुरावर आणि पाल्यावर केलं, तेही असल्या वस्तूसाठी जी वाजवायची तिला मुभा नव्हती.

आणि पुसता पुसता, घरात कुणी नसताना, त्या कळा दाबून बघत. आवाज न करता. "खयच्या कळीर बोट ठेवला की खयचो सूर येता, ता माका सगळा म्हायत आसा," त्या म्हणाल्या. पलीकडच्या खोलीत बसून दहा वर्षं कानाने ऐकलेलं त्यांनी बोटांनी पडताळून ठेवलं होतं.

आता गटाची वही. आजींना बेंजो दुरुस्त करून हवा होता. मुलाने सांगितलं, यावर पैसे घालणार नाही. तो वाईट मुलगा नाही, फळ्यांचा आणि रंगाचा खर्च त्याच्या डोक्यावर होता. आजी आमच्या गटात पहिल्या दिवसापासून आहेत. दर महिन्याचा हप्ता कधी चुकला नाही आणि आजवर स्वतःसाठी एकदाही कर्ज उचललेलं नाही. जी दोन कर्जं घेतली ती नातवाच्या शाळेसाठी आणि म्हशीसाठी. त्या मासिक बैठकीत म्हणाल्या, माका दोन हजार होये.

बैठकीत गडबड झाली, लपवत नाही. एका काकींचं म्हणणं, गटाचे पैसे वाजवायला द्यायचे का? दुसरी म्हणाली, परत कुठून करणार? तिसरी म्हणाली, उद्या माझा नवरा म्हणेल मला डीजे घ्यायचाय. यावर सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. पैसे सगळ्यांच्या घामाचे. मी समन्वयक, मला मत नाही, पण नियम वाचून दाखवणं माझं काम. नियमात लिहिलंय की कर्जाचं कारण सभासदाने सांगायचं आणि परतफेडीची खात्री गटाने बघायची. कारण चांगलं की वाईट ते ठरवायला कुठे लिहिलेलं नाही. आजी म्हणाल्या, माझ्या नारळांच्या पैशातून महिना दोनशे फेडीन. तासभर चर्चा होऊन मंजूर झालं. तीन जणींनी हात वर केला नाही, तेही वहीत आहे.

मग मी पेन घेऊन त्या रकान्याशी अडले. कारण. आमच्याकडे तिथे नेहमी चार-पाच शब्द येतात. शेती, शिक्षण, आजारपण, लग्न, धंदा. मी लिहिलं, वाद्यदुरुस्ती. सबंध वहीत तो शब्द एकदाच आहे.

बेंजो कुडाळला एका स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. तुमच्याकडे असं काही निघालं तर उपयोगी पडेल म्हणून त्याने सांगितलेलं सांगते. जुनं वाद्य एकदम विजेला जोडायचं नाही. आधी तारा सैल करायच्या, कारण ताण धरून लाकूड वाकतं. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत वारा लागेल असं ठेवायचं. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, मऊ ब्रशने धूळ काढायची. रंग खरवडायचा नाही. आणि त्याच्यासोबत जे काही असेल, चिठ्ठी, जुनी तार, छेडायचा तुकडा, ते टाकायचं नाही.

त्याने मीटर लावून बघितलं. तांब्याच्या वेढ्यांत वीज जात नव्हती. आजींचा चेहरा उतरला. पण त्याने भिंग लावून शोधलं, तर तुटलेली तार अगदी बाहेरच्या टोकाला होती, डागायच्या जागी. आतले हजारो वेढे शाबूत होते. एक डाग दिला, झालं. तारा मँडोलिनच्या बसवल्या. कळांच्या स्प्रिंगा अडकल्या होत्या, त्या सोडवल्या. कळा काढल्यावर एक गोष्ट दिसली: प्रत्येक कळेच्या खाली एक बारीक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर शाईने आकडा. एक, दोन, तीन. आजींच्या मालकांचं अक्षर. काही आकडे धुराने पिवळे पडले होते, वाचता येत होते. दुरुस्तीवाला म्हणाला, हे काढून नवे स्टिकर लावू का? आजींनी नको म्हटलं.

सगळे मिळून चौदाशे रुपये झाले. उरलेले सहाशे आजींनी त्याच दिवशी गटात परत भरले.

घरी आणून जोडला तेव्हा आधी नुसता घूं असा आवाज आला, मग तो वायर हलवल्यावर गेला. वहिनी, मुलगा, मी, शेजारच्या दोघी आणि बैठकीत हात वर न केलेल्या काकी, सगळे पडवीत. आजींनी पाटावर बसून बेंजो समोर घेतला. पहिल्यांदा कळा दाबल्या त्या आवाज न करता, सवयीने. मग छेडायचा तुकडा उचलला. आरतीच्या चालीची पहिली ओळ निघाली, दोन ठिकाणी चुकून. दुसऱ्या वेळी एकाच ठिकाणी चुकली. काकींनी टाळी धरली. मुलगा उंबऱ्यावर बसला होता, तो उठला आणि आत जाऊन टॉर्च घेऊन आला, आजींना कळा नीट दिसाव्यात म्हणून.

तिसऱ्यांदा आरती पूर्ण झाल्यावर आजींनी बेंजोवर लुगड्याचा तोच तुकडा घातला आणि मला म्हणाल्या, "आता ह्या चवथीक कोणाचो भोंगो गावता काय बघ."